खान्देशातील कुरणे आणि डोंगरवाटा : निसर्ग पर्यटकांसाठी माहिती

खान्देश म्हटले की केळीच्या बागा, कापसाची शेते, वांग्याचे भरीत आणि मे महिन्यातील ४५ अंशांच्या आसपास पोहोचणारे ऊन, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पर्यटनासाठी या भागात येणारे अजिंठा पाहून परततात. जळगाव आणि धुळ्यातील रहिवासीसुद्धा सुटीत महाबळेश्वर, माथेरान किंवा सापुताऱ्याची वाट धरतात. मात्र उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मध्ये तापीचे खोरे अशी रचना लाभलेल्या या प्रदेशात एका दिवसात जाऊन येण्याजोगी गवताळ कुरणे, विरळ पानझडी जंगले, जुने किल्ले आणि पायवाटा विपुल आहेत.

हा निसर्ग कोकणासारखा दाट हिरवा नाही. पावसाळ्याचे चार महिने हिरवागार, दिवाळीनंतर सोनेरी आणि होळीनंतर करपलेला असे त्याचे रूप बदलत राहते. त्यामुळेच तो अनेकदा ‘ओसाड’ ठरवला जातो. जे ओसाड मानले जाते, त्याची राखण कोणी करत नाही. खान्देशातील माळरानांपुढचा खरा प्रश्न हाच आहे.

कुरण म्हणजे पडीक जमीन नव्हे

गवताळ प्रदेश पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. अमेरिकेत ‘प्रेअरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवताळ मैदानांपैकी उंच गवताचा पट्टा नांगराखाली गेला आणि आज मूळ क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी उरला. शिल्लक राहिलेल्या भागाचे महत्त्व लक्षात आल्यावर १९९६ मध्ये कॅन्सास राज्यात त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र स्थापन करण्यात आले. तेथे लोक गवत पाहण्यासाठी, गवतातून चालण्यासाठी जातात.

भारतात मात्र झुडपी जमिनी आणि ऱ्हास झालेली चराऊ कुरणे यांची गणना शासकीय नोंदींत पडीक जमिनींमध्ये होते. केंद्र सरकारने २००० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही हे वर्गीकरण आढळते. जमीन ‘पडीक’ ठरली की ती रस्ते, वसाहती, कारखाने किंवा ऊर्जा प्रकल्पांसाठी सहज उपलब्ध समजली जाते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील उघड्या माळांवर गेल्या दोन दशकांत पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहिले. विजेची गरज नाकारता येत नाही; पण प्रकल्पाची जागा निवडताना गवताचे मोल हिशेबात धरले जाते का, हा प्रश्न उरतोच.

खान्देशातील माळरानावर मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, रोशा अशी अनेक जातींची गवते वाढतात. मारवेल आणि पवन्या ही जनावरांची आवडती वैरण. रोशा गवतापासून सुगंधी तेल काढले जाते आणि एकेकाळी हे तेल नंदुरबार परिसराची ओळख होते. या गवताच्या आश्रयाने लांडगा, खोकड, ससा, तितर, लावे आणि चंडोल जगतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसतात. माळढोक आणि तणमोर हे गवताळ प्रदेशाचे मानकरी पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यांच्या ऱ्हासामागे शिकारीबरोबरच अधिवास नष्ट होणे हेही प्रमुख कारण आहे.

लळिंग : शहराला लागून असलेले कुरण

धुळे शहरापासून अवघ्या नऊ-दहा किलोमीटरवर, नाशिककडे जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंग हे गाव आहे. गावाच्या माथ्यावर किल्ला आणि परिसरात विस्तीर्ण कुरण असा दुहेरी लाभ येथे मिळतो. इतिहास आणि निसर्ग एकाच सकाळी पाहायचा असेल तर धुळेकरांसाठी याहून सोयीचे ठिकाण नाही.

किल्ल्याचे नाव खान्देशच्या फारुकी सुलतानांशी जोडलेले आहे. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा याला फिरोजशहा तुघलकाकडून १३७० मध्ये थाळनेर आणि आसपासचा मुलूख मिळाला. त्याने लळिंग आपला थोरला मुलगा मलिक नसीर याच्याकडे सोपवले. पुढे याच नसीरखानाने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवले. १४३७ मध्ये बहमनी फौजांकडून पराभव पत्करून तो लळिंगच्या आश्रयाला आला आणि त्याच वर्षी मरण पावला. आज गडावर तटबंदीचे अवशेष, इमारतींचे पडके भाग आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहायला मिळतात. पायथ्याच्या गावात महादेवाचे जुने हेमाडपंती मंदिर आहे. साधारण चालणाऱ्या व्यक्तीला गावातून गडमाथा गाठण्यास तासभर पुरतो. माथ्यावरून एका बाजूला धुळे शहर, तर दुसऱ्या बाजूला कुरणाचा विस्तार नजरेत भरतो.

कुरणात लांडोर बंगला या नावाने ओळखली जाणारी वास्तू आहे. न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यात आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९३७ साली येथे वास्तव्य होते. त्या आठवणीप्रीत्यर्थ दरवर्षी ३१ जुलै रोजी येथे मोठ्या संख्येने अनुयायी जमतात. योगायोगाने हाच काळ कुरण हिरवेगार होण्याचा असतो. चांगला पाऊस झाल्यास परिसरातील धबधबाही वाहू लागतो आणि सुटीच्या दिवशी शहरातील कुटुंबांची तेथे गर्दी होते. गर्दी टाळून गवत आणि पक्षी पाहायचे असल्यास ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील कामाच्या दिवसाची सकाळ निवडणे श्रेयस्कर.

पाटणादेवी ते पितळखोरे

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर पाटणादेवी हे स्थान आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधून वाहणारी डोंगरी नदी आणि चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर अशी येथील रचना आहे. हा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून ते जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. नावातील ‘औट्रम’ म्हणजे जेम्स औट्रम हा ब्रिटिश अधिकारी. १८२५ पासून त्याने खान्देशात भिल्ल पलटण उभारण्याचे काम केले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला त्याचेच नाव देण्यात आले.

पाटणे या गावाचे नाव गणिताच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० मध्ये लिहिणारे भास्कराचार्य याच परिसरातील असल्याचे खान्देशात मानले जाते. त्यांच्या जन्मस्थानाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापन केल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. येथील महादेव मंदिर निकुंभ घराण्याच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील आहे.

चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी येथे दोन पर्याय आहेत. पहिला कन्हेरगडाचा. या गडाच्या अंगाला नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी ही लेणी आहेत. दुसरा पर्याय दरीच्या तोंडाशी असलेल्या धवलतीर्थ आणि केदारकुंड धबधब्यांच्या दिशेने जाण्याचा. या बाजूने डोंगर चढून पितळखोरे लेण्यांपर्यंत जाणारी वाट गिर्यारोहकांच्या परिचयाची आहे. चढ खडा असल्याने नवख्यांनी वाटाड्याशिवाय तो प्रयत्न करू नये. ज्यांना चढाई शक्य नाही, त्यांच्यासाठी घाटमाथ्यावरून कन्नड तालुक्याच्या बाजूने पितळखोऱ्याला जाणारा रस्ता आहे.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या बौद्ध लेण्यांमध्ये त्यांची गणना होते. ठिसूळ खडकामुळे त्यांची पडझड झाली असली, तरी हत्तींच्या रांगेचे शिल्प पाहण्यासारखे आहे. येथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून, ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे तिच्यावरील लेखात म्हटले आहे.

या जंगलात बिबट्या, नीलगाय, तरस, मोर आणि नाना प्रकारचे पक्षी आढळतात. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर अंतर कापून गौताळ्यात पोहोचल्याचे कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांवरून स्पष्ट झाले. अनेक दशकांनी येथे वाघाचे अस्तित्व नोंदले गेले. शेतशिवार, माळराने आणि झुडपी जंगले यांचा आधार घेतच एवढा प्रवास शक्य झाला. मधली मोकळी जमीन तुटली असती, तर हा वाघ पोहोचला नसता.

यावल आणि पाल : सातपुड्याचा उंबरठा

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशच्या सीमेवर यावल अभयारण्य आहे. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. साग, सालई, ऐन, धावडा, तेंदू आणि खान्देशची खूण म्हणावी असा अंजन वृक्ष येथे आढळतो. अंजनाची कोवळी तांबूस पालवी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारा पळस पाहण्यासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीचा काळ चांगला असतो.

रावेर तालुक्यातील पाल हे या भागातील सर्वांत सोयीचे ठिकाण. सावदा आणि खिरोदामार्गे केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता हळूहळू डोंगरात शिरतो. सुकी नदीवरील गारबर्डी धरणाचा परिसर सहलीसाठी प्रसिद्ध आहे. पाल आणि लंगडा आंबा येथे वन विभागाची विश्रामगृहे असून त्यांचे आरक्षण आगाऊ करावे लागते. पायथ्याच्या पट्ट्यात आडगावजवळील मनुदेवी आणि चोपडा तालुक्यातील अडावदजवळचे उनपदेव ही दोन स्थानेही निसर्गरम्य आहेत. मनुदेवीला मंदिरालगत पावसाळी धबधबा आहे, तर उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे.

सातपुड्यात तडवी, पावरा, बारेला, भिल्ल हे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. होळीपूर्वी भरणारे भोंगऱ्या बाजार हा त्यांचा मोठा उत्सव असतो. पर्यटकांनी तेथे पाहुण्यासारखे वागावे, विनापरवानगी छायाचित्रे काढू नयेत. जंगलातील वाटा, पाणवठे आणि धोक्याच्या जागा या लोकांइतक्या कोणाला ठाऊक नसतात. त्यामुळे स्थानिक वाटाड्या सोबत घेणे सुरक्षिततेच्या आणि स्थानिक रोजगाराच्या अशा दोन्ही दृष्टींनी हिताचे ठरते.

याच रांगेत पूर्वेकडे, मुक्ताईनगर तालुक्यात मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. २०१४ मध्ये घोषित झालेल्या या क्षेत्रातील वढोदा-डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर आहे. मेळघाटापासून यावल आणि अनेरपर्यंत जाणाऱ्या सातपुड्याच्या भ्रमणमार्गात हा महत्त्वाचा दुवा मानला जातो. येथे हौसेने पायी फिरण्याचा विचार कोणी करू नये.

रानपिंगळ्याची कहाणी

खान्देशच्या विरळ जंगलाचे महत्त्व सांगणारे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रानपिंगळा. घुबडाच्या कुळातील या लहान पक्ष्याचे वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खान्देशात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा एक नमुना तर दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून, खोटी माहिती लावून ठेवलेला असल्याचे पुढे उघड झाले.

पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन पक्षी अभ्यासकांनी जुन्या नोंदींच्या आधारे शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्यात त्यांना रानपिंगळा पुन्हा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी हा शोध लागला, तेव्हा शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि अन्य ठिकाणीही या पक्ष्याच्या नोंदी झाल्या. जागतिक पातळीवर तो आजही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

इतर अनेक घुबडांच्या उलट रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर, कीटक हे त्याचे खाद्य. उघडीप असलेले सागाचे रान आणि ढोलीची जुनी झाडे ही त्याची गरज असते. ज्या रानाला सहज ‘उजाड’ म्हटले जाते, तेथेच तो तग धरून राहिला.

अनेर आणि तोरणमाळ

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर नदीवरील धरणाभोवती ८३ चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्राचे अनेर धरण अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते घोषित झाले. यावल अभयारण्याच्या सान्निध्यामुळे वन्यप्राण्यांना सलग अधिवास मिळतो. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित बदके आणि पाणपक्षी येतात. दुर्बीण घेऊन पहाटे जाणाऱ्यांना हे ठिकाण निराश करत नाही.

मुक्कामी सहल करायची असल्यास नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हा उत्तम पर्याय. सातपुड्यातील हे थंड हवेचे ठिकाण सुमारे ११५० मीटर उंचीवर असून शहाद्याहून घाटरस्त्याने तेथे जाता येते. यशवंत तलाव, सीताखाई आणि परिसरातील कड्यांपर्यंतच्या पायवाटा हे येथील आकर्षण आहे. गोरखनाथाच्या मंदिरामुळे महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. शांतता हवी असणाऱ्यांनी तो काळ टाळावा.

कधी आणि कसे जाल?

जुलै ते फेब्रुवारी हा खान्देशात भटकंतीसाठी योग्य काळ. धबधबे पाहायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर, गवत आणि पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते जानेवारी, पळसासाठी फेब्रुवारी-मार्च असा क्रम ठेवता येईल. एप्रिल-मे महिन्यांत दिवसा डोंगर चढणे जिवावर बेतू शकते.

चाळीसगाव आणि जळगाव ही मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरील स्थानके आहेत, तर धुळे चाळीसगावशी रेल्वेने जोडलेले आहे. पाल, पाटणादेवी आणि तोरणमाळसाठी जवळच्या तालुक्याच्या ठिकाणाहून पुढे एस.टी. किंवा खासगी वाहन घ्यावे लागते. अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि खुल्या असलेल्या वाटा यांची चौकशी निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. सूर्यास्तानंतर जंगलात थांबू नये.

घ्यावयाची काळजी

पाणी : हिवाळ्यातही माणशी किमान तीन लिटर पाणी सोबत असावे. गडांवरील टाक्यांचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही.

पोशाख : कुसळी गवताची टोके कपड्यांत आणि मोज्यांत शिरतात. जाड कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट वापरावेत. फुरशासारखे विषारी साप दगडांखाली व गवतात असतात. म्हणून हात-पाय टाकण्यापूर्वी जागा पाहावी.

मधमाश्या : लेणी आणि कड्यांना आग्यामोहोळ असते. अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

पूर : डोंगरी नाले अचानक फुगतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी झालेल्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगाव शहरात पुराचे पाणी शिरले होते. वरच्या डोंगरावर काळे ढग दिसताच घळीतून बाहेर पडावे. धबधब्याच्या कुंडात उतरू नये.

आग : ही सर्वांत महत्त्वाची बाब. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनवणव्यांचा काळ मानला जातो. वन विभाग त्याआधी जाळरेषा काढतो. तरीही एका विडीच्या थोटकाने अख्खे कुरण पेटू शकते. वणव्यात गवताबरोबर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, पिले आणि जनावरांची वर्षभराची वैरणही जळते. हिवाळ्यातील भरीत पार्टी ही खान्देशची खास परंपरा. तिचा आनंद शेतात, खळ्यावर, पाणी हाताशी ठेवून घ्यावा. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून कुरणात किंवा जंगलात वांगी भाजू नयेत.

कचरा : प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटल्या आणि बाटल्या परत आणाव्यात. चरणाऱ्या गुरांच्या पोटात त्या जातात.

भटकंतीचा उपयोग

पर्यटकांच्या गर्दीने निसर्गाचे नुकसान होते, हे खरे आहे. पण ज्या जागेकडे कोणी फिरकतच नाही, ती गुपचूप नष्ट झाली तरी कळत नाही, हेही तितकेच खरे. माळढोक आणि तणमोर दिसेनासे झाले, तेव्हा शहरांत त्याची फारशी चर्चाही झाली नाही. रानपिंगळा पुन्हा सापडला, तो कोणीतरी जुन्या नोंदी वाचून त्या रानात चालत गेले म्हणून.

पाहिलेल्या पक्ष्यांची, फुललेल्या गवतांची, आटलेल्या पाणवठ्यांची तारखेसह वहीत नोंद ठेवणे कोणालाही शक्य आहे. अशा नोंदी पुढे अभ्यासकांना आणि वन विभागाला उपयोगी पडतात. शाळा-महाविद्यालयांनी वार्षिक सहलीतील एक दिवस जवळच्या कुरणासाठी राखून ठेवला, तर पुढच्या पिढीला मारवेल आणि कुसळी यांतला फरक कळेल. माळरान आणि पडीक जमीन यांतला फरकही मग वेगळा शिकवावा लागणार नाही.